मोटारमुक्त मार्गाचे अध्यक्ष

तक्रारकाकांनी सायकल घेतली ही बातमी सायकलीच्या आधी घरी पोचली.

याला कारण गल्ली. ही गल्ली म्हणजे नुसत्या पायऱ्या. खाली बाजाराच्या रस्त्यापासून सुरू होतात आणि वर डोंगराच्या पोटाशी, पाण्याच्या जुन्या टाकीपाशी संपतात. दोन्ही अंगांना घरं, घरांना ओटे आणि ओट्यांवर माणसं. इथे मोटार येत नाही, हातगाडी येत नाही. कोणाकडे नवं कपाट आलं तर ते वाहायला चौघं आणि कसं वाहायचं ते सांगायला चौदा जण लागतात. अशा गल्लीत राहणाऱ्या, गुडघे कुरकुरणाऱ्या, निवृत्त माणसाने सायकल घेणं म्हणजे टक्कल पडल्यावर कंगव्यांचा संच घेणं. काका ती खांद्यावर मारून एकेक पायरी चढत होते आणि प्रत्येक ओट्यावरून तोच प्रश्न येत होता, "काय काका, सायकल?"

"नाही, चष्मा. नंबर वाढलाय," असं काका शेवटी शेवटी म्हणायला लागले.

समोरच्या घरातले मॅनेजर ओट्यावरून खाली उतरले. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले होते, पण समोरच्याचा अर्ज नामंजूर करायची सवय निवृत्त झाली नव्हती. त्यांनी सायकलीभोवती एक फेरी मारली.

"हँडल वाकडं दिलंय."

"तसंच असतं. खडीच्या रस्त्याची सायकल आहे ही."

"खडीला कळतं का, वरून कुठली सायकल चाललीय ते?"

हाच प्रश्न काकांनी दुकानदाराला विचारला होता. दुकानदाराने उत्तरादाखल इतके इंग्रजी शब्द फेकले की काकांनी 'हो हो, मी तेच म्हणतोय' अशी मान डोलावली, आणि त्या डोलावलेल्या मानेतच हे मेंढ्याच्या शिंगांसारखं हँडल येऊन अडकलं. पण हे मॅनेजरांना कशाला सांगायचं?

"कशासाठी घेतलीत पण?"

"व्यायाम," काका म्हणाले आणि घरात शिरून त्यांनी दार लावून घेतलं.

सायकल व्यायामासाठी नव्हती.

काकांची सगळी नोकरी वीज कार्यालयाच्या तक्रार-खिडकीमागे गेली. गावात कुठेही अंधार झाला की लोक काकांच्या खिडकीशी येऊन त्यांचा उद्धार करायचे, म्हणून हे नाव पडलं. 'नोकरीत काय दिवे लावलेत?' असं कोणी खवचटपणे विचारलं तर ते म्हणत, "लावले नाहीत. पण गेलेल्यांची नोंद नीट ठेवली." हे वाक्य टाळ्या घेणारं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ते म्हणायचं सोडून दिलं.

दोन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी ताई आणि जावई सायकलींवरून घाटरस्त्याने निघाले होते. डोंगरापलीकडे जावयाचं गाव. तिथे त्याची आई एकटी राहायची, तिला सगळे माई म्हणत. नवराबायको दोघांनाही सायकलचं वेड. त्यांचं लग्नच मुळी एका पंक्चरमुळे जमलं असं काकू सांगत, आणि पंक्चर नक्की कोणाचं होतं याबाबत दर वेळी साक्ष फिरवत. घाटातल्या वळणावर ताई पुढे होती, तो मागे. मागून मोटार आली. आवाज ऐकून ताईने वळून पाहिलं. एवढंच. तिचा नुसता पाय मोडला, तो जुळला.

ती इस्पितळात असताना माई येऊन तिच्या उशाशी बसून गेल्या. मुलगा गेलेल्या बाईने सुनेच्या कपाळावरून हात फिरवला. सून जागी होती, पण छताकडे बघत राहिली. त्यानंतर माईंचे गुडघे गेले. त्यांना गाव सोडवेना आणि ताईला गल्ली. इंजिनाचा आवाज आला की तिच्या तोंडचं पाणी पळायचं, भिंतीला धरून ती खाली बसायची. बस नाही, मोटार नाही, स्कूटर नाही. पायऱ्यांच्या गल्लीत तेवढं तिला जगता येत होतं, म्हणून ती माहेरी राहत होती. छापखान्यातून पुस्तकांची प्रुफं घरी यायची. खिडकीशी बसून, लाल शाईने ती दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करायची.

दर रविवारी माईंचा फोन येई. "कधी येतेस गं? मला तुला एकदा बघायचंय."

"येते, माई."

एका रविवारी मात्र ती पुढे बोलली. "माई, एकही गाडी नसलेला रस्ता असता ना, तर आत्ता सायकल काढून आले असते."

बोलायचं म्हणून बोलली. पण पलीकडे पेपर वाचल्याचं सोंग करणाऱ्या काकांनी ते ऐकलं. एवढ्या नोकरीत हजारो तक्रारी त्यांनी ऐकल्या होत्या. आपण उठून स्वतः जाऊन दूर करावी अशी ही पहिलीच.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सायकल आणली.

गाडी नसलेला रस्ता शोधायचा म्हणजे आधी चौकशी करणं आलं आणि या गल्लीत चौकशी करणं म्हणजे वारुळात बोट घालणं. मॅनेजर म्हणाले, दगडखाणीची वाट घ्या, तिथे चिटपाखरू नसतं. चिटपाखरू खरंच नव्हतं, कारण ते मालट्रकच्या धुराने केव्हाच पळालं होतं. काका परत आले तेव्हा इतके पांढरे झाले होते की काकूंनी दारातून विचारलं, "कोण पाहिजे?" सायकलवाल्या दुकानदाराने टेकडीमागची एक पाऊलवाट सांगितली. ती एका कोंबडीपालन केंद्राच्या अंगणात जाऊन संपली. कोंबड्यांनी वाट दिली, कुत्र्यांनी दिली नाही. या सगळ्यात काका एकदाही पडले नाहीत. ते 'अचानक उतरले'. गुडघ्याला, कोपराला आणि हनुवटीला पट्ट्या होत्या, पण त्या अचानक उतरल्याच्या.

ताई हे सगळं खिडकीतून बघत होती. एकदा हनुवटीची पट्टी बदलताना म्हणाली, "बाबा, कशाला करताय?"

"व्यायाम," काका म्हणाले. हनुवटीला औषध लागत असल्यामुळे डोळ्यांत पाणी यायला सबब होती.

रस्ता सापडला तो काकूंना, आणि तोही भांडी घासता घासता. नळाची धार बारीक झाली तशा त्या वैतागून म्हणाल्या, "पलीकडच्या धरणातून इथपर्यंत नळ आणलाय मेल्यांनी, पण पाण्याची बोंबच."

काका उठून उभे राहिले. "धरण कुठे आहे?"

"विहीणबाईंच्या गावाच्या वर. माहीत नाही होय तुम्हाला?"

"मग नळ तिथून इथे कसा आला?"

"उडत आला," काकू म्हणाल्या. "कसा म्हणजे? डोंगरातून. त्याच्या कडेने रस्ता असणारच. दुरुस्तीला माणसं जात असतीलच की."

काखेत कळसा म्हणतात तो हा. आपल्याच गल्लीच्या वरच्या टोकाला टाकी, टाकीच्या मागे गंजलेलं लोखंडी फाटक, फाटकामागे मुरमाचा रस्ता आणि त्याच्या कडेने हत्तीच्या पायाएवढा जाड नळ. फाटकावर पाटी होती : 'वाहनांस सक्त मनाई'. ती वाचून काकांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथल्या पहारेकऱ्याशी हस्तांदोलन केलं. पहारेकऱ्याने हात मिळवला आणि दुसऱ्या हाताने सायकल अडवली.

"वाहनांना मनाई आहे."

"अहो, म्हणून तर आलो!"

"सायकल वाहन आहे."

खाली पाणी खात्याच्या कार्यालयात एका टेबलाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे आणि तिसऱ्याने जेवणाच्या सुट्टीकडे बोट दाखवलं. सुट्टीनंतर एक साहेब भेटले. तरतरीत, नवा शर्ट आणि बोलताना पेन टकटकवायची सवय.

"चाकं किती?" साहेबांनी विचारलं.

"दोन."

"म्हणजे वाहन झालं."

"पण साहेब, ती हातात धरून चाललो तर?"

साहेबांनी पेन थांबवलं. खुर्चीत मागे रेलून त्यांनी या प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार केला. "हातात धरलीत तर सामान."

"सामानाला मनाई आहे?"

"सामानाबद्दल नियमात काही नाही."

खिडकीपलीकडे सारी हयात घालवलेल्या माणसाला या उत्तरातलं सौंदर्य कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी आपलं सामान हातात धरून फाटक ओलांडलं, पहारेकरी दिसेनासा होईपर्यंत सभ्यपणे चालत गेले, आणि मग सामानावर बसले.

रस्ता खरोखर होता. पाण्याला घाई नसते, आणि नळ पाण्यासाठी टाकलेला, त्यामुळे रस्ताही डोंगराच्या कडेकडेने, फारसा दम न लावता वर चढत जात होता. फक्त खिंडीच्या आधी एक खडा चढ. तिथे काकांनी सामानाला सामानाचा मान देऊन हातात धरलं. खिंडीत पोचल्यावर पलीकडे धरणाचं पाणी दिसलं आणि रस्ता उतरून जात होता तिथे, धरणाच्या कडेला, गावापासून जरा वेगळं, माईंचं घर. काका दगडावर बसले. कान देऊन ऐकलं. वारा होता, कुठलासा पक्षी होता, नळात पाणी वाहण्याचा बारीक आवाज होता. आणखी काही नव्हतं. बराच वेळ ऐकत राहिले तरी आणखी काही नव्हतं. मग त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं. आजूबाजूला कोणी नसल्यामुळे सबबीची गरज पडली नाही.

घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "रस्ता आहे."

ताईने प्रुफांवरून मान वर केली. "पूर्ण?"

"पार माईंच्या दारापर्यंत."

तिने लाल पेनाला टोपण लावलं. संध्याकाळी माळ्याखालच्या खोलीतून हवा भरायच्या पंपाचा आवाज यायला लागला. फुस्‌ फुस्‌, फुस्‌ फुस्‌. काकू स्वयंपाकघरात हातातलं काम टाकून नुसत्या उभ्या राहिल्या. समोरच्या ओट्यावर मॅनेजरही बोलायचे थांबले. या माणसाने त्याआधी काय झाल्यावर बोलणं थांबवलं होतं हे गल्लीत कोणाला आठवेना.

त्या वेळी दुसऱ्याच दिवशी सकाळी दोघं निघाली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण काकांनी त्याच रात्री एक अर्ज लिहिला आणि सकाळी उठून तो खात्यात देऊन आले. सामान वगैरे ठीक आहे, पण आपली मुलगी चोरासारखी जायला नको, रीतसर परवानगी असावी, असं त्यांना वाटलं. अर्जाचा मसुदा ताईनेच तपासला होता. 'मोटारमुक्त'चा 'मु' तिने लाल शाईने ऱ्हस्व केला, आणि समासात लिहिलं, 'छान.' तो अर्ज टेबलांवरून घरंगळत थेट वरच्या साहेबांपर्यंत गेला. ते नेमके त्याच सुमारास एखाद्या नव्या योजनेच्या शोधात होते. काकांना बोलावणं आलं. खुर्ची मिळाली. चहा मिळाला, तोही बशीसकट.

"तुमची कल्पना आम्ही उचलून धरतोय," वरचे साहेब म्हणाले. "डोंगरातला पहिला मोटारमुक्त सायकल मार्ग. समिती नेमू. अध्यक्ष तुम्ही."

काका घरी आले ते पायऱ्या चढून आले की तरंगत आले हे त्यांनाच कळलं नाही. आयुष्यभर लोकांनी त्यांना खिडकीच्या गजांतून पाहिलं होतं. आता ओट्याओट्यांवरून 'या अध्यक्ष' अशा हाका यायला लागल्या. मॅनेजर खजिनदार झाले. खजिना नव्हता, पण त्यांनी त्याला कुलूप आणलं. समितीच्या बैठका काकांच्या ओट्यावर भरू लागल्या. पाटीचा रंग हिरवा असावा की निळा यावर दोन बैठका गेल्या. पाटीवर अध्यक्षांचं नाव कुठे असावं यावर काकांनी काहीच मत दिलं नाही, फक्त जरा मोठ्या अक्षरात असावं एवढं सुचवलं.

"आणि एक," वरच्या साहेबांनी बजावलं होतं, "उद्घाटनाआधी कोणी त्या रस्त्याने जायचं नाही हं. आधीच वापरला तर मग उद्घाटन कसलं करायचं?"

काकांना हे पटलं. अध्यक्षाला न पटून कसं चालेल?

उद्घाटनाची तारीख पाहुण्यांच्या सोयीने ठरायची होती आणि पाहुण्यांना सोय नव्हती. महिना गेला, पुढचाही गेला. रविवारी माईंचा फोन यायचा, आणि हळूहळू तो माईंच्या शेजारणीचा व्हायला लागला. "आज नंबर फिरवताच येईना त्यांना," ती म्हणायची. "काल मला विचारत होत्या, तू कोण म्हणून."

"वय झालं," काका ताईला म्हणाले. "होतं असं."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा, आपण दोघं उद्या सकाळी गुपचूप जाऊ या का? पहारेकरी काही नवा नाही. सामान म्हणून सोडेल तो."

काका गडबडले. त्यांचं मन क्षणभर खिंडीत जाऊन आलं. पण त्याच दुपारी बैठक होती आणि निमंत्रणपत्रिकेवर त्यांच्या नावामागे 'माननीय' लावायचं का यावर चर्चा व्हायची होती.

"अगं, मीच अध्यक्ष. मीच नियम मोडला तर लोक काय म्हणतील? एवढे थांबलो, आता थोडक्यासाठी कशाला? चांगल्या रस्त्याने, मानाने जा की तू."

"मला मान नकोय, बाबा. मला माईंना भेटायचंय."

"पुढच्या महिन्यात नक्की."

ती परत प्रुफांकडे वळली. त्या दिवशी काकूंनी काकांना चहा दिला तो कप जरा आपटूनच. काकांनी त्याचा अर्थ लावला नाही. अध्यक्षांना सगळ्याच गोष्टींचा अर्थ लावायला वेळ कुठून असणार?

उद्घाटनाचा दिवस उजाडला. टाकीपाशी मांडव, खुर्च्या, हिरवी पाटी. गल्लीतली यच्चयावत माणसं ओटे सोडून वर आली होती. ताई निळा सदरा घालून, केस घट्ट बांधून, सायकल धरून फाटकाशी उभी होती. दोन वर्षांत ती एवढ्या माणसांत पहिल्यांदाच आली होती. मुख्य पाहुण्यांनी फीत कापली की पहिल्यांदा तीच निघणार, असं ठरलं होतं. पाठीवरच्या पिशवीत माईंसाठी विणलेली शाल होती.

पाहुणे पायऱ्या चढून येणार अशी काकांची समजूत होती. पाहुण्यांची तशी नव्हती. गुडघे त्यांनाही होते. खात्याने म्हणून धरणाच्या बाजूचं फाटक रुंद करून ठेवलं होतं आणि ही गोष्ट अध्यक्षांना सांगायची कोणाला आठवण राहिली नाही.

आधी आवाज आला. डोंगरातून गुरगुरल्यासारखा. लोकांनी माना वळवल्या. मग वळणावर धुळीचा लोट उठला आणि त्या लोटातून, मोटारमुक्त मार्गावरून, एकामागून एक मोटारी यायला लागल्या. पाहुण्यांची, साहेबांची, वरच्या साहेबांची, वार्ताहरांची, आणि ज्यांना कोणीच ओळखत नव्हतं अशांचीही. पहिल्या मोटारीने हॉर्न दिला.

व्यासपीठावर, हातात पुष्पगुच्छ धरलेल्या काकांना ते दिसलं. ताईने सायकल जमिनीवर आडवी ठेवली. टाकली नाही, हळूच ठेवली, झोपलेल्या माणसाला ठेवावं तशी. मग भिंतीला हात लावत लावत ती पायऱ्या उतरायला लागली.

काकांनी उठायला हवं होतं. त्यांचे पाय उठलेही होते. पण नेमका तेव्हाच निवेदक त्यांचं नाव घेऊन म्हणाला, "ज्यांच्या अथक परिश्रमांतून..." आणि टाळ्या झाल्या, आणि वरच्या साहेबांनी खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. काका बसले. काकू मात्र गर्दीतून वाट काढत लेकीमागे गेल्या. जाताना त्यांनी व्यासपीठाकडे बघितलंसुद्धा नाही.

पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की इतका सुंदर मार्ग लोकांपर्यंत पोचायला हवा, म्हणून लवकरच तो डांबरी करून वरपर्यंत मोटारी आणण्याची आणि त्या लावण्याची उत्तम सोय केली जाईल, म्हणजे कुटुंबाला मोटारीने आणून इथे सायकल चालवता येईल. मॅनेजरांनी सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या, आणि मग काकांच्या चेहऱ्याकडे लक्ष जाऊन हात मांडीखाली घेतले.

त्या मोटारींच्या वजनाने रस्त्याची कड खचून नळ तीन ठिकाणी फुटला. गावात पाणी बंद झालं. आता ओट्यांवर माणसांच्या जागी बादल्या दिसायला लागल्या आणि 'या अध्यक्ष'चा सूर बदलला. "अध्यक्ष, आज येणार का पाणी?" काका खाली मान घालून जायचे. तक्रारी ऐकायची त्यांना सवय होती, पण पूर्वी दोष दुसऱ्याचा असायचा. खात्याने मार्ग सर्वांसाठी बंद केला आणि फाटकांना नवी कुलपं घातली. सामानासकट सर्वांस मनाई, असं आता स्पष्ट लिहिलं होतं. काकांनी राजीनामा दिला. तो स्वीकारायला समितीच उरली नव्हती.

ताई त्यांच्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. चहा द्यायची, औषधाच्या गोळ्या काढून ठेवायची, आणि खिडकीशी जाऊन बसायची. एकदा काका तिच्यामागे जाऊन उभे राहिले. "माझं चुकलं," एवढं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते, "उजेड पुरतो का तुला?"

"पुरतो, बाबा," ती म्हणाली.

मग तो फोन आला. शेजारीणच होती. "माई दिवसभर खुर्ची टाकून धरणाच्या वाटेवर बसतात. मुलगा-सून यायचीत म्हणतात. आत चला म्हटलं तर रडतात. तुम्ही कोणी येऊन जाल का? मला नाही बघवत."

ताईने फोन ठेवला. आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या अंगात तोच निळा सदरा होता. सायकल दाराशी आणून तिने काकांकडे पाहिलं. "बाबा, येताय?"

काकूंनी पाण्याची बाटली काकांच्या हातात दिली.

फाटकाला कुलूप होतं, पहारेकरी नाश्त्याला गेला होता. ताई पलीकडे उडी मारून गेली. काकांनी एकेक सायकल वर उचलून दिली. मग वीज कार्यालयातले निवृत्त वरिष्ठ कारकून, माजी अध्यक्ष, फाटकावर चढले. वरच्या टोकाला विजार अडकली आणि टरकन फाटली. खालून मॅनेजर बादली घेऊन येत होते. त्यांनी हे दृश्य डोळे भरून पाहिलं. काकांना वाटलं, आता हा माणूस जन्मभर सांगत सुटणार. पण मॅनेजरांनी बादली खाली ठेवली, पुढे येऊन काकांचा पाय आपल्या खांद्यावर घेतला आणि पलीकडे ढकलला. "सावकाश जा," ते म्हणाले. "पहारेकऱ्याला मी बोलण्यात गुंतवतो. ते मला जमतं."

मुरमात मोटारींच्या चाकोऱ्या पडल्या होत्या. ताई त्यांच्या मधल्या उंचवट्यावरून चालवत होती. सुरुवातीला दर वळणावर थांबून कान द्यायची. मग दोन वळणांनी, मग थांबेनाशी झाली. काका मागे धापा टाकत होते. दोनदा ते अचानक उतरले. खिंडीच्या चढावर तिने मागे येऊन त्यांची सायकल एका हाताने धरली, आपली दुसऱ्या हाताने, आणि बापलेक वर चढायला लागले. 'माझं चुकलं' हे त्यांनी तिथे म्हटलं. धाप लागल्यामुळे ते तुकड्यातुकड्यांनी निघालं. ताई म्हणाली, "हो, बाबा." एवढंच. तिने त्यांना माफ केलं की नाही हे त्या 'हो'वरून सांगता येणार नाही, पण सायकल तिने सोडली नाही.

पलीकडच्या फाटकावर काका आधीपेक्षा बरे चढले.

माई खरंच वाटेच्या कडेला खुर्चीवर बसल्या होत्या. वाळून एवढ्याशा झालेल्या, पदर नीट घेतलेला, हात मांडीवर. शेजारीण ताईला बघून तोंडाला पदर लावून आत गेली. ताईने सायकल भिंतीला टेकवली आणि माईंच्या पुढ्यात खाली बसली. पिशवीतून शाल काढून त्यांच्या खांद्यांवर घातली.

"माई."

माईंनी तिच्याकडे पाहिलं, मग शालीकडे, मग सायकलीकडे. चेहरा उजळला. "तू सायकलवरून आलीस?"

"हो."

"आमचीपण येतात गं सायकलवरून. माझा मुलगा आणि सून. दोघांनाही भारी नाद." त्यांनी ताईचा हात धरला. "वाटेत दिसली का तुला?"

काका सायकलीचं हँडल धरून उभे होते. काहीतरी बोलायला हवं होतं. मोठ्या माणसाने, बापाने, कोणीतरी. इतक्या वर्षांत लोकांना 'होईल, बघतो, कळवतो' म्हणून वेळ मारून नेणाऱ्या या माणसाला एक शब्द सुचला नाही.

ताई बराच वेळ माईंच्या बोटांवरून आपलं बोट फिरवत राहिली.

"दिसली," ती म्हणाली.

"कुठे गं?"

"खिंडीच्या अलीकडे. चढ आहे ना, माई. हळूहळू येतायत."

"पुढे कोण होतं?"

"दोघं बरोबरच होती."

माईंनी समाधानाने मान हलवली. "मग जा, आत पाणी तापायला ठेव. दमून येतील."

ताई उठली. काकांच्या जवळून जाताना तिने मान वर केली नाही. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, मग पातेल्यात तांब्या तांब्याने पाणी ओतल्याचा.

माईंनी काकांकडे पाहिलं. "आणि तुम्ही कोण?"

"मी हिचा बाप," काका म्हणाले.

"मग उभे का? बसा की."

शेजारणीने दारातून एक स्टूल पुढे केलं. काकांनी ते माईंच्या खुर्चीशेजारी ठेवलं, फाटकी विजार सावरून घेतली आणि बसले. माई खिंडीकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत होत्या. काकाही तिकडेच बघत राहिले.